गायकवाड काका आणि प्रोटीनच्या घड्या

आमच्या वाकडच्या सोसायटीत लिफ्टपाशी गायकवाड काका उभे दिसले, की अकराव्या मजल्यावरची माणसंसुद्धा जिन्याकडे वळतात. कारण लिफ्टचं दार लागलं की काका विचारतात, "प्रोटीनच्या घड्या शिकायला स्टँडर्ड पुस्तक कुठलं हो?" उत्तर मिळेपर्यंत दार बंद करण्याच्या बटणावरचं त्यांचं बोट उठत नाही.

काका चाकणच्या एका कंपनीतून क्वालिटीचे साहेब म्हणून रिटायर झाले. ब्रेकचे सुटे भाग मास्टर पीसशी, म्हणजे कंपनीच्या बिनचूक नमुन्याशी, ताडून बघण्यात त्यांची हयात गेली. ती सवय घरीही आली. दिवाळीला काकूंनी चकली पुढे केली, तर म्हणाले, "मास्टर पीस कुठाय? त्याशिवाय ही बरोबर की चूक, मी सांगणार कसं?" काकूंनी दिलेलं उत्तर छापण्यासारखं नाही.

अशा माणसाच्या डोक्यात प्रोटीन शिरलं. आपल्या शरीरातली प्रोटीनं म्हणजे लांबलचक साखळ्या. त्या ठरावीक तऱ्हेने दुमडतात, आणि कोणतं प्रोटीन काय काम करणार हे बरंचसं त्या घडीवर ठरतं. काही घड्या पुन्हा पुन्हा सापडतात. काकांना त्या नेहमीच्या घड्या ओळखायला शिकायचं होतं. कशासाठी, ते मात्र सांगत नसत. "हौस," एवढंच.

सोसायटी मदतीला धावली. जिमच्या ट्रेनरने पावडरीचा भलामोठा डबा पुढे केला. "काका, चॉकलेट फ्लेवर घ्या, रिझल्ट गॅरंटीड." ग्रंथालयातल्या बाईंनी आधी डाएटचं पुस्तक दिलं, ते परत आल्यावर कागदाच्या होड्या-विमानांचं. चेअरमन म्हणाले, "राव, एआयला विचारा की!" एआयने "फारच सुंदर प्रश्न!" म्हणत पाच-सहा पुस्तकं सुचवली. त्यातली दोन अजून कुणी लिहिलेलीच नव्हती. "सप्लायर खोटं सर्टिफिकेट जोडायचा, तसंच हे," काका म्हणाले.

मी बायोटेकमध्ये एमएस्सी केलंय, म्हणजे तळवड्याच्या आयटी पार्कात बँकेचं सॉफ्टवेअर तपासते. हे काकूंकडून कळल्यापासून काका रोज संध्याकाळी माझ्या दारात. मी माझं जुनं पाठ्यपुस्तक शोधून दिलं. दुसऱ्याच दिवशी परत.

"अगं रेवती, चित्र एका पानावर आणि खुलासा तीन पानं पुढे. रिजेक्ट."

मग जगभरच्या प्रोटीनांच्या रचना जिथे साठवतात, ती वेबसाइट दाखवली.

"हे गोडाऊन झालं. मला कॅटलॉग पाहिजे."

बोलणं रास्त होतं. शेवटी घड्यांची वर्गवारी करून ठेवलेली एक वेबसाइट सापडली. स्प्रिंगसारखे पीळ, म्हणजे हेलिक्स, असलेल्या घड्या एकीकडे, सपाट पट्ट्यांच्या दुसरीकडे, दोन्हींची मिसळ तिसरीकडे. प्रत्येक आकृती माउसने गोल फिरवून बघता येत होती. काका खुर्चीच्या टोकाशी सरकले. "हा बघ बॅरल! पट्ट्या उभ्या लावून पिंप केलंय!" 'जेली रोल' नावाची घडी आली, तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "ही बेकरीची साइट नाही ना?"

परवा रविवारी काकूंचा डबा परत द्यायला गेले, तर त्यांचा व्हिडिओ कॉल चालला होता. त्यांची मुलगी प्रज्ञा जर्मनीत संशोधन करते. मायलेकींचं थंडीपासून मेथीपर्यंत सगळं बोलून झालं आणि फोन काकांकडे आला.

"कशी आहेस? जेवलीस का?"

"हो बाबा."

काकू माझ्या कानाशी लागल्या. "दर रविवारी एवढंच. मग 'आईला देतो' म्हणतात. मागे तिनं कामाचं सांगायला घेतलं होतं, यांना काही उमजेना. 'जाऊ दे बाबा, तुम्हाला नाही कळणार,' म्हणाली. सहजच बोलली गं पोर. पण हे दोन दिवस नीट जेवले नाहीत."

या वेळी काकांनी फोन दिला नाही. घसा खाकरला.

"प्रज्ञा, तुझं ते प्रोटीन... बॅरल आहे का गं?"

प्रज्ञाने चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला. मग, "काय म्हणालात?"

"बॅरल. पट्ट्या गोल उभ्या असतात, तसलं."

"नाही हो बाबा, अजिबात नाही!" प्रज्ञा खळखळून हसली. "पण तुम्हाला हे... थांबा, थांबा, दाखवतेच."

तिने कॅमेरा स्क्रीनकडे वळवला आणि बोलत सुटली. काका मान डोलवत होते. आपलं चुकलं याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"आणि हे सगळे हेलिक्स आहेत, बाबा."

हेलिक्स म्हणजे काय, हे काकांनी आदल्याच दिवशी पार्किंगमध्ये वॉचमनला स्कूटरची स्प्रिंग दाखवून समजावलं होतं. मी ते सांगायला तोंड उघडणार, तोच काकूंनी माझा हात दाबला.

काकांनी फोन आणखी जवळ घेतला.

"हेलिक्स म्हणजे काय गं? सावकाश सांग. मला काही घाई नाही."