सपान तात्यांचं, खुलासा आमचा

सकाळी सहाला दाराची कडी वाजली आणि बाहेर दूधवाला नसला, की आमच्या गल्लीतला माणूस आधी मनातल्या मनात घाबरतो. काल रात्री आपण कचरूतात्यांच्या स्वप्नात नेमकं काय केलं असेल?

तात्या आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. आम्ही गारखेड्यातल्या या घरात राहायला आलो, त्याच्या तिसऱ्याच दिवशी ते दारात उभे होते. अंगात बंडी, डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा पोलीस पाटलाचा.

"सर, काल रातच्याला तुम्ही काय केलं, म्हाईत हाये का?"

"झोपलो होतो," मी म्हणालो. मी शाळेत गणित शिकवतो. रात्री याहून जास्त काही करायची माझ्यात ताकद उरत नाही.

"झोपले नव्हते. क्रांती चौकात उभे होते. अंगात नुस्तं बनियन. माझी मेंढरं अडवली अन् म्हनले, आधी सतराचा पाढा म्हना, मंग रस्ता सोडतो."

"कुणाला म्हणालो?"

"मेंढरांना! मुकी जनावरं ती, काय म्हनतील? एक तर रडाया लागलं. शेवटी मीच म्हनाया लागलो. सतरा साती पाशी अडकलो अन् जाग आली."

यापुढचं सांगायला मला आजही लाज वाटते. मी त्यांची माफी मागितली. त्या रडलेल्या मेंढराचं काय झालं, हेही विचारलं. आतून वंदना, म्हणजे आमची मंडळी, चहाचं आधण टाकून बाहेर आली आणि तिनंही माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी खरोखरच बनियनवर चौकात गेलो होतो.

हळूहळू कळलं, की माफी मागणारा मी एकटाच नव्हे. समोरच्या किराणा दुकानदारानं तात्यांच्या स्वप्नात खोबऱ्याच्या वाट्या विहिरीत फेकल्या, म्हणून त्याला तात्यांसमोर कान धरावे लागले होते. तात्यांचा नियम पक्का आहे. ज्याला स्वप्नात पाहिलं, त्याला त्याचं स्वप्न सकाळी आंघोळीच्या आत पोचवायचं. "ऊन चढलं की नासतं ते," असं ते म्हणतात. स्वप्न काय आणि दूध काय, त्यांच्या लेखी एकच.

तात्या मूळचे पिशोरकडचे. घर मेंढपाळाचं, बालपण बापाबरोबर रानोमाळ हिंडण्यात गेलेलं. पुढे एसटीत लागले आणि शेवटची बरीच वर्षं स्टँडवर कंट्रोलर होते. मेंढरं मागे राहिली ती स्वप्नात, आणि माईक सुटला तो नुसता हातातून. आजही ते स्वप्न सांगतात ते गाडी पुकारल्यासारखं. त्यांच्याकडे स्वप्नाचे तीन प्रकार आहेत: साधं, जलद आणि विनाथांबा. विनाथांबा म्हणजे ज्याच्या मधे लघवीला उठावं लागलं नाही ते. असं स्वप्न हल्ली दुर्मिळ झालंय, अशी त्यांची तक्रार आहे.

स्वप्नाचा अर्थ सांगणं हे मात्र त्यांचं खरं काम. अर्थ हा शब्द त्यांना चालत नाही. एसटीतल्या कुण्या जुन्या ड्रायव्हरकडून त्यांनी ताबीर हा शब्द उचललाय. "मतलब कोनीबी सांगंल सर. ताबीर पाहिजे." हत्ती दिसला, की दोन दिवसांत गॅसचा सिलिंडर येतो. उंट दिसला, की जावई. दात पडला, तर सासुरवाडीहून फोन. यातलं काही खरं ठरत नाही, पण सिलिंडर कधीतरी येतोच आणि जावई तर न बोलावता येतो, त्यामुळे तात्यांची पत कायम आहे.

सगळ्यात जास्त भाव त्यांच्या पाण्याच्या स्वप्नांना. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल, हे नळालाही ठाऊक नसतं. त्यामुळे तात्यांना स्वप्नात नुसता ओला रस्ता दिसला, तरी गल्लीतल्या बायका टाक्या घासायला घेतात. एकदा तात्यांनी पहाटेच जाहीर केलं, "पूर आलता! गुडघ्याच्या वर पानी, अन् वंदनाताई परातीत बसून वल्हवू राहिल्या."

"मी?" वंदना खूश झाली. "साडी कोणती होती हो तात्या?"

साडी सोडून गल्लीनं बाकी सगळ्याचा विचार केला. ड्रम निघाले, पातेली निघाली, कुणी तर बाळाचा टबही दाराशी लावला. पाणी काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकांचं शिष्टमंडळ तात्यांकडे गेलं. तात्या जराही हलले नाहीत.

"पानी आलतं. पर या वंदनाताईनं परात भरून वापस पैठणच्या धरणात नेऊन वतलं. मी काय करू?"

त्यानंतर आठवडाभर गल्लीतल्या बायका वंदनाशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. माणसं स्वप्नाच्या बाबतीत इतकी कशी वेडी होतात, असं मी तिला समजावलं. त्यावर ती म्हणाली, "मेंढराची चौकशी कुणी केली होती?" मी वही तपासायला घेतली.

मग एके दिवशी सकाळी तात्या आले ते स्वप्नाशिवाय. खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. असं ते कधी करत नाहीत.

"सर, तुमच्या सपनात आमची मंडळी आली का कधी?"

गयाबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. बारीक चणीची, बोलण्यापेक्षा हसणारी बाई होती. भिंतीवरून वाटीभर भाजी यायची तेव्हा फक्त हात दिसायचा.

"नाही हो तात्या," मी म्हणालो.

"माझ्या बी नाय. सगळी दुनिया येती. तुम्ही येता, किराणावाला येतो, मेलेला बैल येऊन गेला. ती एकदा बी नाय. मी दुपारची बी ड्यूटी लावली, जेवून झोपू राहिलो. तरी नाय."

आमच्याकडे मानतात, की गेलेलं माणूस स्वप्नात येतं ते काही मागायला. ते जे मागेल, ते दुसऱ्या दिवशी कुणाला तरी खाऊ घालायचं, म्हणजे त्याला पोचतं. वंदनानं तेच धरून त्यांची समजूत घातली. "चांगलंच आहे की तात्या. त्यांची काही इच्छा राहिली नसेल, म्हणून येत नाहीत."

"तेच तर ना ताई," तात्या म्हणाले. "जित्ती व्हती तव्हा कधी काय मागितलं नाय. म्हनलं, आता तरी मागंल."

ते टोपी घालून गेले. दिवसभर वर्गात फळ्यावर माझीच गणितं चुकत होती. या माणसानं आम्हा सगळ्यांना आपल्या झोपेत फुकट जागा दिली होती आणि जिच्यासाठी ती राखून ठेवली होती, ती येतच नव्हती. वाईट वाटलं, फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मीच त्यांची कडी वाजवली.

"तात्या, आल्या होत्या. माझ्या स्वप्नात."

तात्या दाराला धरून उभे राहिले. "काय म्हनली?"

"आल्या, ओट्यावर बसल्या, म्हणाल्या, मला अमुक खावंसं वाटतंय."

"अमुक काय?"

इथवरचा विचार मी केलाच नव्हता. पुरणपोळी म्हणायचं, शिरा म्हणायचा, पण आदल्या संध्याकाळी जे खाल्लं होतं, तेच तोंडातून गेलं. "पाणीपुरी."

"पानीपुरी," तात्या म्हणाले.

"हो."

"गयाबाईनं."

"हो."

भिंतीपलीकडून वंदनानं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तात्यांनी मात्र मान हलवली. "बरं. सांजच्याला तुमच्या मंडळीला घेऊन चला. सवाष्णीच्या मुखात घालावं लागंल."

संध्याकाळी आम्ही तिघं गाड्यावर. तात्या कडक इस्त्रीच्या धोतरात, पायात नव्या चपला. गाड्यावरच्या कॉलेजच्या पोरींनी त्यांना वाट करून दिली. कुणाला वाटलं असेल, आजोबा पैज लावून आलेत.

"चाचा, तीखा की मीठा?" गाडीवाल्यानं विचारलं.

तात्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग माझ्याकडे वळले. "सर, तिला गोड आवडायचं का तिखट?"

मी वंदनाकडे पाहिलं.

"एकेचाळीस सालं संसार केला," तात्या म्हणाले. "ती वाढायची, मी जेवायचो. मंग ती तिकडं आत बसून जेवायची. काय खायची, कधी बघितलं नाय."

"चाचा, बोलो ना," गाडीवाला म्हणाला.

"दोन्ही द्या," वंदना म्हणाली. तिनं एक गोड खाल्ली, एक तिखट, परत गोड, परत तिखट. प्रत्येक पुरीनंतर तात्या वाकून विचारत होते, "कसं लागतं, ताई?" तीही नीट सांगत होती. सहाव्या पुरीला तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मिरचीनं आलं असं ती म्हणाली.

परतताना तात्या माझ्या बाजूनं चालत होते. "सर, तुम्हाला सपान पडलं नाय. कळलं मला."

मी चपापलो.

"खरं सपान इतकं सरळ नसतंय. आली, बसली, मागितलं, गेली. मधी एक मेंढरू नाय, काय नाय."

"माफ करा तात्या, मला वाटलं..."

"माफी कशाला? तिनं कधी मागितलं नाय, खरं हाये. पर मी तरी कुठं कधी विचारलं?"

आमचं फाटक आलं तसे ते थांबले, आणि अगदी साधेपणानं, कसलाही टोमणा न मारता त्यांनी मला विचारलं, "सर, तुमच्या मंडळीला काय आवडतं? गोड का तिखट?"

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली आहेत. मी तोंड उघडलं. फाटकाची कडी हातात धरून वंदना उत्तराची वाट बघत उभी राहिली.