शेंगोळ्यांची सिद्धता

आमच्या दिनकरभावजींना "बरं हाय का?" असं कुणी विचारू नये. विचारणाऱ्याची शिरूरची गाडी चुकते. भावजी आधी चष्मा पुसतात, मग पारावर नीट मांडी घालतात आणि म्हणतात, "बरं म्हंजी काय, ते आधी ठरवू. ताप नसला म्हंजी बरं, का पोट भरलेलं असलं म्हंजी बरं? का दोन्ही लागतं?" समोरचा म्हणतो, आप्पा, मी आपलं सहज विचारलं. भावजी म्हणतात, "सहज विचारलं तर सहज ऐक. व्याख्या न्हाई तर उत्तर न्हाई." गेली दोन वर्षं गावात एकालाही त्यांच्याकडून याचं उत्तर मिळालेलं नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वडगाव रासाईत आमची दोन घरं एका भिंतीला टेकून उभी आहेत. उभी हयात त्यांनी दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात घालवली. तिकडं क्वार्टरात एकटे राहायचे, सुट्टीला गावी यायचे. रिटायर झाल्यावर रद्दीवाल्याच्या गाड्यावरनं भूमितीचं एक जुनं, पाठ फाटलेलं पुस्तक उचलून आणलं आणि त्यातल्या सिद्धता लिहायला स्वतःच शिकले. मी म्हटलं, या वयात पोथी वाचावी माणसानं. तर म्हणाले, "वहिनी, हे केबिनवानीच हाय. पुढचं स्टेशन 'लाइन मोकळी' म्हणल्याबिगर गाडी सोडायची न्हाई. आधीची ओळ हो म्हणल्याबिगर पुढची ओळ लिहायची न्हाई."

तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द. कशावरून? कांद्याच्या लिलावात व्यापाऱ्यानं एक पिशवी ओतली, चार कांदे दाबले आणि सगळ्या ट्रॉलीला नाव ठेवलं, तर हे लिलाव थांबवून विचारणार, बाकीच्या पिशव्या अशाच, हे कशावरून? गंमत म्हणजे त्या दिवशी माल त्यांचा नव्हताच. ज्याचा होता तो हात जोडून म्हणाला, आप्पा, तुम्ही घरी जा. भाच्याच्या लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे म्हणाले, आमची पोरगी गुणाची आहे. भावजींनी खिशातनं लाल पेन काढलं. मी त्यांचा सदरा मागून ओढला म्हणून ते लग्न झालं.

आता माझं सांगते. माझं माहेर कवठे येमाई. मी मॅट्रिकला गणितात आडवी झाले, आणि त्याचा दोष वर्षानुवर्षं मास्तरांना दिला. खरं असं की बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, सगळ्या सिद्धता पाठ केल्या होत्या. घडाघडा म्हणायचे, जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात तशा. पेपरात त्रिकोण आला पीक्यूआर. मला पाठ होता एबीसी. मी त्यांचा त्रिकोण खोडला, स्वतःचा एबीसी काढला आणि ऐटीत सिद्ध करून दिला. घरी येऊन आईला सांगितलं, त्यांनी अक्षरं चुकवली होती, मी दुरुस्त करून आले.

तर अशी ही हुशार पोरगी सून होऊन इथं आली. पाठोपाठ भांडगावहून सुशीला आली, भावजींची बायको, माझी जाऊ. वर्षभरात चुली वेगळ्या झाल्या. सुशीला माझ्यावर जळते, असं मी पहिल्याच दिवाळीत ठरवून टाकलं. कशावरून? माझ्या हातचं खाऊन कधी "छान झालंय" म्हणत नाही, यावरून. आणि छान का म्हणत नाही? जळते म्हणून. घाण्याच्या बैलासारखी या दोन वाक्यांभोवती मी कितीतरी वर्षं फिरले, आणि वाटायचं लांबचा पल्ला मारला.

त्यात माझ्या काळ्या मसाल्याची बरणी उतरायला लागली. मी बरणीवर बाहेरून काजळाची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी मसाला रेघेच्या खाली. मग विहिरीवर, चार बायकांत, मी सुशीलाकडं न बघता म्हणाले, आमच्याकडं हल्ली मांजर मसाला खातंय. सुशीलानं आपली घागर भरून घेतली. संध्याकाळी हातात चमचा घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मांजर आलंय." त्यानंतर म्हातारी होईपर्यंत ती तशीच येत राहिली. चमचा पुढं करायची, म्हणायची, मांजर आलंय. मी मसाला द्यायचे आणि मनात म्हणायचे, हिला स्वतःचा करायचा कंटाळा, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी, भावजी रिटायर होऊन घरी आले त्याच महिन्यात, सुशीला गेली. मुलगी सासरी, भावजी भिंतीपलीकडं एकटे. हातानं करून खायला लागले आणि त्यांच्या सदऱ्यात आणखी एक माणूस मावेल इतके वाळले. मी ताट पाठवलं, ताट परत. सून बोलवायला गेली, तर तिलाच विचारलं, मी तुमच्याकडं जेवावं हे कशातनं निघतं? माणूस असा डोळ्यांदेखत वाळत चाललेला आणि मध्ये फक्त एक वीतभर भिंत. मी ठरवलं, यांना माझ्या स्वयंपाकघरात बसवून पोटभर जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही.

नेमकी तेव्हा नात सुट्टीला आली. ती कॉलेजात गणित शिकते. तिच्या वहीवर भावजींच्या लाल पेनानं काट मारलेली मला दिसली, आणि डोक्यात किडा वळवळला. जेवायला न येणारा माणूस शिकवायला तर येईल. भिंतीवरून हाक मारली, भावजी, दोन विषम संख्यांची बेरीज सम येते, हे मला शिकवा. चप्पल न घालता आले.

माझा बेत असा की अकराला शिकवणी सुरू करायची, बाराला भाकरीचा तवा चढवायचा, वासानं माणूस विरघळेल. भावजी रोज अकराला यायचे, चहा घ्यायचे, शिकवायचे आणि तवा तापला की उठून घरी जायचे. एक दिवस नाही की थांबले.

शिकवणीत मात्र मी हाल केले, त्यांचे आणि माझेही. पहिल्या दिवशी शेंगदाणे मांडले. तीन आणि पाच आठ, सात आणि नऊ सोळा, अशा पन्नास बेरजा करून वही पुढं केली. भावजी म्हणाले, "एक्कावन्नावी बेरीज दगा देणार न्हाई, हे कशावरून? तुम्ही त्या कांद्याच्या व्यापाऱ्यावानी करताय." दुसऱ्या दिवशी पहिल्याच ओळीत लिहिलं, बेरीज सम आहे. ते म्हणाले, "जिथं पोचायचं तिथनंच निघालात तर चाललात कवा?"

मग त्यांनी वाट दाखवली. वर लिहायचं पक्ष, म्हणजे जे हातात आहे ते. खाली साध्य, म्हणजे जे दाखवायचंय ते. मधे सिद्धता, एकेक पाऊल. विषम म्हणजे जोड्या लावल्या की एक उरतो. मी लिहिलं, पहिली संख्या दोन क अधिक एक, दुसरीही दोन क अधिक एक. भावजींनी दुसऱ्या क वर पेनाचं टोक टेकवलं.

"वहिनी, तुम्ही आन् सुशीला, दोघी या घरच्या सुना. म्हणून दोघींचं नाव एकच का?"

"आमचं एका ताटात जमत नव्हतं, नाव कसलं एक."

"मग दुसरीला ख म्हणा की."

ख म्हटल्यावर मात्र गाडी रुळावर आली. दोन क, दोन ख, आणि दोघींचे उरलेले एकेक मिळून आणखी एक जोडी. सगळ्या जोड्याच, सुटा कुणीच नाही, म्हणून सम. मी वही धरून एकटीच हसत बसले. पन्नास वर्षांनी पीक्यूआर त्रिकोणानं मला माफ केलं होतं. भावजी मात्र मार्क देताना कंजूष. एकदा उत्तर बरोबर आलं पण मधली एक ओळ निसटली, तर शून्य. "उत्तर बरोबर आन् वाट चुकली, तर शून्यच."

मग एके दिवशी आमच्या वह्या बदलल्या. नातीनं दोघांना सारख्याच वह्या आणून दिल्या होत्या, भावजी माझी घेऊन गेले, त्यांची इथं राहिली. दुसऱ्याची वही उघडू नये, हे मला माहीत आहे. मी उघडली.

पहिल्या पानावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं:

पक्ष: हुलग्याचं पीठ. लसूण. हळद. तिखट. सुशीलाच्या हातचा काळा मसाला (बरणी गळ्यापर्यंत भरलेली, पुरेल).
साध्य: सुशीलाच्या शेंगोळ्या.

खाली पायऱ्या. पीठ किती मळलं, शेंगोळ्या केवढ्या वळल्या, रस्सा किती वेळ उकळला, मसाला कधी टाकला. शेवटी लाल पेनानं, "चव ती न्हाई." दुसरं पान तसंच, लसूण जास्त. तिसरं पान, पाणी कमी. पानामागून पान, आणि प्रत्येकाच्या तळाला, "चव ती न्हाई." पुढं पुढं तर नुसतंच "न्हाई."

म्हणजे रोज बाराला हा माणूस यासाठी उठून जात होता. उभी हयात दौंडला काढली, सुट्टीच्या दिवशी ताटात यायच्या तेवढ्या शेंगोळ्या याला माहीत. चुलीपाशी काय चालायचं, ते कधी पाहिलंच नाही.

मी पाहिलं होतं. उजेड होताच दाराशी बसून मी त्यांच्याच वहीत, शेवटच्या "न्हाई"खाली लिहायला घेतलं:

सुशीला गेली तेव्हा तिची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. शेंगोळ्या तर दर सुट्टीला होत होत्या. म्हणून शेंगोळ्यांत त्या बरणीतला मसाला पडत नव्हता. मांजर माझ्या दारात यायचं. म्हणून पडायचा तो माझ्या बरणीतला. तिला स्वतःचा करायचा कंटाळा होता. साध्य: भावजींचा पक्षच अपुरा होता.

वहीबरोबर माझी बरणी आणि एक चमचा भिंतीवर ठेवला. मांजर म्हणजे कोण, ते सुनेबरोबर सांगून पाठवलं. त्या दिवशी अकराला भावजी आले नाहीत. बाराला आले, हातात फडक्यात धरलेलं पातेलं आणि बगलेत वही. पातेल्यातून वाफ येत होती. वासानंच मला कळलं.

त्यांनी आधी वही उघडली. कंटाळ्याच्या ओळीखाली लाल रेघ होती.

"ही ओळ चुकली. कंटाळा असता तर बरणी भरली कुणी? दरसाल उन्हाळ्यात मसाला करायची ती, मी सुट्टीला आलो की मिरच्या मीच निवडून द्यायचो. करायची, भरून ठेवायची आन् तुमच्याकडनं न्यायची. आता पुढची ओळ तुम्ही लिहा."

त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं. मी ओळ मनात दोनदा उलटसुलट केली, पळायला फट सापडते का पाहिलं. सापडली नाही. मग लिहिलं, म्हणून तिला माझ्या हातची चव आवडत होती. अक्षर जरा वाकडं आलं. एवढ्या साध्या गोष्टीला मला इतकी वर्षं लागली, आणि चमचा घेऊन दारात उभी राहायची ती आता नव्हती.

सुनेनं ताटं मांडली. भावजी बसले. कशातनं निघतं, असं त्यांनी विचारलं नाही. मी खालमानेनं त्यांच्या ताटात शेंगोळ्या वाढल्या. त्यांनी दोन खाल्ल्या, रस्सा भुरकला, भाकरी कुस्करली. वहीत माझ्या सिद्धतेखाली त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले होते, मधली ओळ चुकलेली असताना.

ते जेवत असताना माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बरं हाय का, भावजी?" आणि मी जीभ चावली. म्हटलं, आता व्याख्या, गार होणार सगळं.

भावजींनी ताट पुढं केलं.

"हाय," ते म्हणाले.

कशावरून, ते मी विचारलं नाही.