अप्पांची पहिली बोली

लिलाव कशाचाही असो, पहिली बोली शिवलिंगअप्पांची. जप्त केलेला ट्रॅक्टर असो की शाळेची मोडकी बाकं, अप्पांचा हात वर. दुसऱ्यानं आकडा चढवला की समाधानानं खाली. "झालं आपलं काम. हर्रास चालू झाली."

अप्पा अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं मुनीम होते. नोकरी सुटली, हर्रास सुटली नाही. घेत मात्र काहीच नसत.

मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर. एका रविवारी दारात उभे. "सर, नांदेडला गाड्यांची हर्रास हाय. बघून येऊ. बघायला काय लागतंय?"

शहराबाहेरच्या पत्र्याच्या आवारात बँकांनी ओढून आणलेल्या गाड्या उभ्या होत्या. शेवटी एक लांबलचक काळी परदेशी मोटार. टपाचा रंग पोपडे येऊन सुटलेला, चामड्याच्या सीटांना भेगा. एके काळी हिच्यातून कुणी उतरलं की लोक उठून उभे राहत असतील.

माईकवाल्यानं विचारलं, "अहमदपूरचे शिवलिंगअप्पा आलेत का? मग करू सुरू."

अप्पांनी टोपी नीट केली आणि हात वर केला.

पुढं कुणी बोलेचना. असल्या गाडीचा एक दिवा फुटला तर माणूस बुडतो, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

"एक वार..."

अप्पा मागं वळून बघू लागले.

"दोन वार..."

"अरे, बोला की कुणीतरी!"

"तीन वार!"

टाळ्या पडल्या. अप्पांना सायकलसुद्धा धड येत नव्हती.

अप्पांचा बंगळूरला असलेला मुलगा फोनवर बराच वेळ ओरडला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "जेवलास का?" तोवर त्यानं फोन ठेवला होता.

पैसे भरून कागदपत्रं झाल्यावर गाडी आणायला अप्पांसोबत मीच गेलो. अप्पा शेजारी बसले. एसी गरम हवा फेकत होता, म्हणून काचा खाली केल्या. अर्ध्या वाटेत मी न राहवून विचारलं, "अप्पा, घ्यायचं नसतं तर जाता कशाला?"

अप्पांनी वाऱ्यानं उडणारी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दिवसभरात मला हाक मारणारं कोण हाय, सर? तिथं माईकवर नाव घेतात. गावासकट."



संध्याकाळी गल्लीत पोचलो. त्यांच्या दारासमोर गाडी थांबवून मी किल्लीला हात घातला.

"बंद नका करू."

"का? घर आलं की, अप्पा."

"हाव, आलं." ते दारावरच्या कुलपाकडं बघत होते. "उतरलो की तुमी तुमच्या घरी जाताल."

मी गाडी मागं घेतली आणि शिरूरच्या रस्त्याला लावली. गाव मागं पडल्यावर अप्पा आपल्या बायकोबद्दल बोलू लागले. तिला खिडकीची जागा लागायची, वारं लागलं की लगेच डोळा लागायचा. सहा वर्षं शेजारी राहतोय. तिचं नाव गंगाबाई होतं, हे मला त्या दिवशी कळलं.