सावंतकाकांचा ‘अ‍ॅट’

आमच्या चाळीत सकाळी गजराची गरज नसे. सावंतकाका गॅलरीत उभे राहून गर्जत, “माय वाइफ इज अ‍ॅट द टॅप!” नळावरच्या सगळ्या बायका हसायच्या आणि काकी बिचारी हंड्यात तोंड खुपसायची.

काका लालबागच्या मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. संप सुरू झाला, लांबला, आणि काका घरी बसले. मग फोर्टमधल्या एका ऑफिसात शिपायाची जागा असल्याचं कळलं. थोडं इंग्रजी हवं होतं. मी कारकून, म्हणून मीच मास्तर. काकांचा जीव जडला तो ‘अ‍ॅट’वर. म्हणायचे, “एवढासा शब्द, पण माणसाला जागेवर बसवतो बघ!”

साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं गेलेली. हळू बोलणं काका विसरूनच गेले होते. गुपितसुद्धा तीन मजल्यांना ऐकवत. मी त्यांचं प्रत्येक वाक्य तपासलं, आवाजाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगायचं, अशी मी माझी समजूत घातली. खरं तर आमची फुकटची करमणूक बंद झाली असती.

मुलाखतीहून काका खुशीत आले. “अरे, साहेब म्हणाला, डोन्ट शाउट अ‍ॅट मी! काय बरोब्बर वापरलान अ‍ॅट! पण शाउट म्हणजे काय रे?”

“बोलणं,” मी खाली बघत म्हणालो.

“मग बरोबर. घाईत असेल साहेब.”

ऑफिसचं पत्र आलं नाही. आपलाच ‘अ‍ॅट’ कच्चा राहिला असं समजून काका तो पुन्हा घोटायला लागले. दुसऱ्या ऑफिसातही तेच झालं. शेवटी एका दुपारी मला राहवलं नाही.

“काका, तुमचं इंग्रजी चुकलं नव्हतं. तुम्ही फार मोठ्यानं बोलता. शाउट म्हणजे ओरडणं.”

मला वाटलं, आता कानाखाली चपराक बसणार. ती बसली असती तर बरं झालं असतं. काकांनी आत वळून पाहिलं. आत काकी तांदूळ निवडत होती. तिच्याकडे बघत ते पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे हिच्यावर पण मी आजवर ओरडतच आलो काय रे?”

तेवढ्यात काकीनं आतून विचारलं, “काय वो? काय बोललात? ऐकू नाय आलं!”