सहा टाक्या, एक पंप

सगळे त्याला डॉक्टर म्हणत, पण ती पदवी अजून विद्यापीठाकडेच होती. सहा वर्षं तो माशांच्या प्रेमावर संशोधन करत होता, आणि सासूबाईंनी उत्साहाच्या भरात जावई डॉक्टर झाल्याचं आधीच जाहीर करून टाकलं होतं. शेजारचे आजोबा तर त्याला दर रविवारी गुडघा दाखवायचे. तोही मान डोलवत बघायचा, कारण खरं सांगायची लाज वाटायची.

आज मात्र हे सगळं खरं होणार होतं. परीक्षक बाई प्रयोग स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आल्या होत्या. हार्मोनचा परिणाम दिसायला दिवस लागतात, असं त्यांचं ठाम मत. मादीला इंजेक्शन दिलं की दहा मिनिटांत नर तिच्या मागे लागतो, असं डॉक्टरचं म्हणणं.

"दहाच्या आत, बाई. घड्याळ लावून बसा," तो म्हणाला. इतक्या रुबाबात तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता.

समोर सहा टाक्या, प्रत्येकीत गोल्डफिशची एक जोडी. पहिल्या टाकीतल्या मादीला हार्मोन टोचलं, बाकी पाच जणींना नुसतं मिठाचं पाणी. पहिल्या टाकीत धावपळ झाली आणि बाकीच्या पाच शांत राहिल्या, की पदवी खिशात.

सहाही टाक्यांमधून एक लांबलचक नळी फिरत होती. पाण्याच्या बादल्या उचलून कंबर धरली, म्हणून डॉक्टरने कालच सगळ्या टाक्या एकाच पंपाला जोडल्या होत्या आणि दिवसभर स्वतःवर खूश होता. प्रयोगशाळेतले शिपाई मामा तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, एकीचं पाणी दुसरीत कशाला फिरवायचं?"

"मामा, हे विज्ञान आहे," असं सांगून त्याने त्यांना गप्प केलं होतं.

सहाव्या मिनिटाला पहिल्या टाकीतला नर जागचा हलला. मादीला ढुशा देत तो टाकीभर तिच्या मागे फिरू लागला. डॉक्टरचा ऊर भरून आला.

"दुसऱ्या टाकीतही तेच चाललंय," बाई म्हणाल्या.

"योगायोग."

"आणि तिसरीत?"

डॉक्टरची नजर नळीवर गेली. मादीच्या अंगात हार्मोन चढलं की त्याचा वास पाण्यात उतरतो, आणि नराला तेवढा वासही पुरतो. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात त्याने यावर बावीस पानं लिहिली होती. नळी जोडताना त्यातली एक ओळही आठवली नव्हती.

तो धावत जाऊन पंप बंद करेपर्यंत पाचव्या टाकीतही पाठलाग सुरू झाला होता. त्याने पहिल्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून नळी उपसली आणि त्याच ओल्या हाताने सहावीतली नळी ओढायला गेला. तेवढी एक टाकी अजून शांत होती. हात आत जाताच तिथल्या नराने आपल्या मादीकडे पाठ फिरवली आणि तो डॉक्टरच्या करंगळीला ढुशा देऊ लागला.

मामा जवळ येऊन वाकून बघू लागले. "हात काढू नका, साहेब. त्याचं मन मोडेल."

बाईंनी घड्याळ बंद केलं. "तुमचं म्हणणं मला पटलं. दहा मिनिटंही लागत नाहीत."

डॉक्टर ताठ झाला.

"पण मी लिहू काय? हार्मोन दिलं तिथे पाठलाग, मीठ दिलं तिथेही पाठलाग. कागदावर तर मिठाने प्रेम जडतं असंच सिद्ध झालंय. नवे मासे आणा, टाक्या वेगळ्या करा आणि पुढच्या सत्रात सगळं पहिल्यापासून पुन्हा करा."

त्याला स्वतःची चीड आली आणि थोडं हसूही आलं. सहा वर्षांत प्रयोग इतका झकास कधीच झाला नव्हता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने पाण्यात घातला होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. एक हात टाकीतच ठेवून त्याने दुसऱ्याने तो कानाला लावला.

"झालं का? आई शेजारच्यांना बोलावून बसलीये."

"जरा उशीर होईल."

"किती? तासभर?"

"सहा महिने," डॉक्टर म्हणाला.