गायीची जागतिक भावकी

माणसाला नात्याची ओढ असतेच. नातलग जितका लांबचा, तितकी जास्त. सणसरचे कुंडलिकराव हा या सिद्धांताचा चालताबोलता पुरावा.

बारामतीत एका व्याख्यानाला ते (चहा असतो म्हणून) गेले आणि हरखूनच परतले. संस्कृतात गाय म्हणजे 'गो', इराणात 'गाव', साहेबाकडं 'काऊ', पार तिकडं लाटव्हियात 'गोव्स'. म्हणजे सगळी एकाच आज्याची नातवंडं की! आपल्या जुन्या 'अवि'ची, म्हणजे मेंढीची, रोममधली सख्खी बहीण 'ओविस'. आनंदाच्या भरात कुंडलिकराव जेवायचंच विसरले.

लगोलग 'अखिल पशुशब्द भावकी मंडळ' स्थापन झालं. भावकी म्हटली की थोरली पाती कुणाची हा तंटा आलाच. तो पहिल्याच बैठकीत, लाटव्हिया गैरहजर असल्यामुळे, एकमतानं सणसरच्या बाजूनं मिटला. सुमेरवाले बैलाला 'गुद' म्हणत, पण त्यांचं कूळ वेगळं, त्यांना सोयरे धरून मानाचा फेटा मंजूर झाला (ते लोक संपल्याला चार हजार वर्षं झाली, पत्ता मिळताच पाठवणे). एकंदर निम्मं जग नात्यात निघालं. उरलेल्या निम्म्याची चौकशी चालू आहे.

एक किरकोळ बाब तेवढी राहिली. कुंडलिकरावांची खिलार गाय हौशी पान्हा चोरू लागली होती. वाटण्यांत गाय यांच्याकडं आली आणि तिचं दूधपितं वासरू बांधापलीकडं, धाकट्या ज्ञानेशकडं गेलं. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. गाय मात्र बांधाकडं तोंड करून दिवसभर हंबरते. ते ऐकून कुंडलिकरावही घटकाभर बांधाकडं बघायचे, नाही असं नाही. पण अध्यक्षाला कामं असतात.

शेवटी बायको, रोहिणी, भर बैठकीत येऊन उभी राहिली. "आवं, जगाची भावकी जोडताय, तर पलीकडचं वासरू तेवढं आणा की. गाय आटायला लागली हाय."

कुंडलिकरावांनी विषयपत्रिका वरून खाली पाहिली.

"त्याच्यासाठी ज्ञानेशशी बोलावं लागंल," ते म्हणाले. "आन् त्याचा आपला काय संबंध?"

मंडळानं संबंध तपासला. आढळला नाही.

हौशी आटली, त्याच दिवशी लाटव्हियाला सणाच्या शुभेच्छा रवाना झाल्या. घरात आता पिशवीचं दूध येतं.

वाचकहो, हा लाटव्हिया नेमका कुठं आहे, ते तुम्ही आता मोबाइलवर शोधाल. जरूर शोधा. त्याच मोबाइलमध्ये तुमच्या भावाचाही नंबर आहे. शेवटचा फोन कधी केला होता, तेवढं जाता जाता बघून घ्या.