पाहुणीच्या हातातलं घमेलं

इंग्रिडनं मातीचं घमेलं उचललं मात्र, धारवाडीच्या ओढ्यावर एकच बोंब उठली.

"अरं धरा, धरा! पावणीच्या हातात घमेलं? लाजा वाटत्यात का न्हाई?" सरपंच धर्माजी काठी आपटत ओरडले.

चौघे धावले. एकानं घमेलं हिसकलं, दुसऱ्यानं झाडाखाली खुर्ची मांडली, तिसरा लिंबूपाण्याला पळाला. ओढा अडवायच्या वनराई बंधाऱ्यासाठी आणलेली सिमेंटची रिकामी पोती तीन वर्षं देवळात उंदरांची सोय करत पडली होती, ती त्या दिवशी भराभर मातीनं भरायला लागली. पाहुणी राबते आणि आपण बघतो, हे गावाला बघवेना.

प्रतिभानं कपाळावर हात मारला. घोडेगावच्या एका छोट्या संस्थेची ती कार्यकर्ती. नॉर्वेच्या कॉलेजला डिक्शनरी घेऊन अकरा ईमेल लिहिले, तेव्हा कुठे ही पोरगी दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला आली होती. 'मुलीला अनुभव, गावाला मदत, दोघांचाही फायदा,' असं तिनं संस्थेच्या साहेबांना छातीठोक सांगितलं होतं. अट एकच होती. मुलीनं स्वतःच्या हातांनी एकशेवीस तास काम करायचं आणि तसं गावानं सहीनिशी लिहून द्यायचं. नाहीतर पोरीचं वर्ष बुडणार, आणि कॉलेज पुन्हा या संस्थेकडे कुणाला पाठवणार नाही.

इंग्रिडनं अंगणवाडीत झाडू धरला. तो बायकांनी काढून घेतला आणि संध्याकाळच्या आत अंगणवाडी झाडून, सारवून, चुन्यानं रंगवून तयार! तिनं विहिरीवर हंडा उचलला, तो पाण्याला आलेल्या लंकाबाईनं वरच्यावर काढून घेतला. दिवसाला पाच घरी जेवण मात्र चुकत नव्हतं. नाचणीची भाकरी, गावठी कोंबडी, वर "पावणं, लाजू नका" हा आग्रह. सहा आठवड्यांत गावाची तीन वर्षांची कामं उरकत आली, बंधाऱ्याचा तेवढा शेवटचा तुकडा राहिला. इंग्रिडच्या वहीत कामाचे तास होते शून्य.

"ताई, मी फक्त जेवते," ती पुण्यात शिकलेल्या मराठीत म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "मी नापास होणार."

प्रतिभा फॉर्म आणि इंग्रिडला घेऊन तडक धर्माजींकडे गेली. "दादा, थोडंफार काम केलंय असं लिहून द्या ना."

धर्माजी ताडकन उठले. "काय बोलता ताई? गावानं पावणीला राबवली, असं लिहून द्यू? तेबी परदेशात? लोक तोंडात श्याण घालतील आमच्या!"

"अहो, पण पोरीचं वर्ष जातंय!"

"जाऊ द्या वर्स. गावाची अब्रू जायाची न्हाई."

आता काय करावं? प्रतिभा मटकन ओट्यावर बसली. इंग्रिड मुसमुसत होती. तेवढ्यात तिला रोज पहिली भाकरी वाढणारी सखूबाई पुढं आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पावणीला काम सांगत न्हाईत, खरं हाये," ती म्हणाली. "पर लेकीला सांगाया कुनाची चोरी?"

तिनं घरातून कुंकू आणलं, इंग्रिडच्या कपाळी लावलं, तांदूळ-नारळानं तिची ओटी भरली. "आजपासनं ही माजी ल्येक. झालं?"

धर्माजींनी मिशीवरून हात फिरवला. "मंग चालतंय की."

बारा दिवस उरले होते, दिवसाला दहा तास धरले तर हिशेब बसत होता. प्रतिभा निश्चिंत मनानं घोडेगावला परतली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सखूबाईची हाक आली, "उठ गं इंगे! उनं वर येईस्तवर निजायचं आसतंय का?" शेण काढ, पाणी भर, भांडी घास, नाचणी दळ. त्यातून सुटली की बंधारा. घमेलं हिसकायला आता कुणी धावेना. चौघे गडी झाडाखाली त्याच खुर्चीभोवती बसून सूचना करत होते. "इंगे, पोतं आडवं लाव, आडवं!" शेवटचा तुकडा तिनं जवळजवळ एकटीनं बांधला.

बाराव्या दिवशी प्रतिभा जीप घेऊन आली, तर पोरगी निम्मी झाली होती आणि हाताचे फोड अभिमानानं दाखवत होती. वहीत तास होते एकशे चौसष्ट. धर्माजींनी सही ठोकली. सखूबाईनं हातसडीच्या तांदळाचं गाठोडं दिलं आणि लेकीला पोटाशी धरून ढसाढसा रडली. प्रतिभालाही हुंदका आवरेना.

जाताना धर्माजींनी तिला बाजूला घेतलं. "ताई, पुढल्या वर्सी दोन धाडा."

"दोन कशाला?"

"एक पावणी धाडा. हिरीचा गाळ काढायचाय, गडी हालंनात. आन एक ल्येक. घरातलंबी बगाया पायजे ना कोनीतरी."

जीपमधून इंग्रिडनं डोकं बाहेर काढलं. "दादा, मी येणार! पण पाहुणी!"

सखूबाईनं पदरानं डोळे पुसले.

"आता कुठली पावणी? ल्येक ती ल्येकच," ती म्हणाली. "भाताच्या लावणीला टायमावर ये."